काउन्सेलर मॅडमची पिवळी फाईल

शाळेच्या डायरीत ‘समुपदेशकांना येऊन भेटावे’ असा शेरा आला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पोरानं काहीतरी गुण उधळले असणार. दुसरा म्हणतो, आता पोराच्या डोक्यात काहीतरी बिघाड काढणार ही लोकं. आमच्याकडे पहिल्या पक्षात सासूबाई होत्या, दुसऱ्यात हे. मी पतपेढीत कॅशियर. माझ्या मनात तिसरंच आलं: याची फी किती असेल?

फी नव्हती. ही गोष्ट जून २०२२ची, थोरला तेव्हा नुकताच आठवीत गेला होता. (त्याचं नाव इथे लिहीत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला आईनं आपल्याबद्दल लिहिलेलं आवडत नाही, एवढं मला कळतं.) आम्ही भांडुपला राहतो, शाळा मराठी माध्यमाची. संस्थेच्या तीन शाळा आणि तिन्हींना मिळून एक काउन्सेलर मॅडम. आमच्या शाळेत त्या मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. पद सरकारमान्य नव्हतं, संस्था मानधन द्यायची. बसायची जागा जिन्याखाली, जिथे आधी लेझीम आणि कॅरम बोर्ड ठेवायचे. लेझीम तशाच होत्या, फक्त पुढे एक टेबल, तीन खुर्च्या आणि दाराला हिरवा पडदा लावला होता. बाहेर पाटी: समुपदेशन कक्ष.

मला वाटलं होतं, मॅडम आधी घरचं विचारतील. नवरा-बायकोत भांडणं होतात का, मोबाइल किती वेळ बघतो, वगैरे. त्यांनी काही विचारलं नाही. टेबलावर थोरल्याच्या चार वह्या उघड्या होत्या. त्यांनी मराठीची माझ्यापुढे सरकवली. निबंध गणेशोत्सवावर होता. पहिल्या ओळीत ‘विसर्जन’, तिसऱ्या ओळीत ‘विर्सजन’, खाली ‘विसजर्न’. ‘मिरवणूक’ची कुठे ‘मिवरणूक’, कुठे ‘मिरणूक’ झालेली. ‘वाढदिवस’ हा शब्द तिथे कशाला आला होता कोण जाणे, पण तो ‘वादढिवस’ असा लिहिला होता. अक्षर तर असं की ओळ डावीकडून निघायची आणि उजवीकडे पोचेपर्यंत अर्धा इंच खाली उतरलेली असायची.

“ज्याला शब्द येत नाही, तो दर वेळी एकच चूक करतो,” मॅडम म्हणाल्या. “हा एकाच पानावर एक शब्द तीन प्रकारे लिहितो. मधेच एकदा बरोबरही लिहितो. म्हणून मी तुम्हाला बोलावलं.”

माझ्याकडे पतपेढीत रोज शेकडो स्लिपा येतात. चुकीची सही आणि थरथरत्या हाताची सही यातला फरक मला कळतो. पण घरच्या वहीत हे मला कधी दिसलं नव्हतं, वर्गशिक्षकांनाही नाही. त्याला कारणंही होती. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, हा तेव्हाचा नियम. त्यामुळे पोरगं वर्गामागून वर्ग पुढे जात राहतं आणि कुणाला थांबून बघायची वेळच येत नाही. दुसरं कारण लॉकडाऊन. सहावी आणि सातवीचा बराच भाग ऑनलाइन गेला. ऑनलाइन वर्गात तोंडी उत्तरं द्यायची असत आणि त्यात हा कायम पुढे. माइक चालू करून पहिला बोलणारा हाच. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा सगळ्यांचंच लिहिणं बिघडलेलं होतं. शिक्षक म्हणाले, होईल हळूहळू.

मॅडमनी इथेच वेगळं केलं. शाळा सुरू झाल्यावर त्यांनी वर्गशिक्षकांकडून मागे पडलेल्या मुलांची यादी घेतली, प्रत्येकाकडून एक उतारा वाचून घेतला आणि काही महिन्यांनी तोच उतारा पुन्हा वाचून घेतला. लॉकडाऊनमुळे मागे पडलेली मुलं तेवढ्यात सुधारली होती. यादीत जी मुलं जवळपास होती तिथेच राहिली, त्यात थोरला होता. एवढी साधी गोष्ट. पण ती करायला कुणीतरी वर्गाबाहेरचं माणूस लागतं. साठ-पासष्ट पोरांसमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला ते जमत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

त्या दिवशी मॅडमनी कुठलंही नाव घेतलं नाही. वाचायला-लिहायला जड जाण्याला डिस्लेक्सिया म्हणतात, एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) म्हणतात, त्यातलं काहीच नाही. म्हणाल्या, “आधी डोळे तपासा आणि कान तपासा. चष्म्याचा नंबर असेल तर आपण उगाच लांबच्या वाटेला लागू.” दोन्ही तपासण्या करून आणल्या. डोळे ठीक, कान ठीक. ते कागद त्यांनी एका पिवळ्या फाईलला लावले. फाईलवर थोरल्याचं नाव नव्हतं, नुसती आद्याक्षरं होती.

मग त्यांनी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा, बहुतेक पीटीच्या तासाला. त्याआधी मला सांगून ठेवलं: “तो इथे जे बोलेल ते सगळं मी तुम्हाला सांगणार नाही. त्याच्या जिवाला धोका असेल, त्याच्यामुळे दुसऱ्याला असेल, किंवा कुणी त्याच्याशी घाणेरडं वागलं असेल, तर सांगेन. शेवटच्या बाबतीत तर पोलिसांनाही कळवावं लागतं, तो कायदा आहे. बाकीचं त्याचं त्याच्यापाशी.”

खरं सांगायचं तर मला हे आवडलं नाही. मी आई आहे, बाहेरच्या बाईला माझ्या मुलाचं जे माहीत आहे ते मला नको का माहीत असायला? अजूनही मला त्यातलं बरंच काही ठाऊक नाही. वर्गातली काही पोरं त्याला ‘ढ’ म्हणायची आणि एकदा त्यांनी त्याची वही फळ्यावर चिकटवून ठेवली होती, हे मला दोन वर्षांनी त्याच्या मित्राकडून कळलं. मॅडमना तेव्हाच माहीत होतं. त्यांनी वर्गशिक्षकांशी बोलून त्याची जागा बदलली आणि त्या पोरांना वेगवेगळं बोलावलं, हेही नंतरच कळलं. आता वाटतं, मला तेव्हा कळलं असतं तर मी शाळेत जाऊन तमाशा केला असता आणि मग त्यानं मॅडमकडेही तोंड उघडलं नसतं.

यांना शाळेत आणणं हे वेगळंच प्रकरण. हे बेस्टमध्ये ड्रायव्हर. “मी पण असाच होतो. माझं काय बिघडलं?” हे त्यांचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. मॅडमनी मला सांगितलं, त्यांना समजवायला जाऊ नका, फक्त एकदा पाठवा. ड्युटी संपवून हे खाकी गणवेशातच गेले. मीही होते. मॅडमनी त्यांना थोरल्याबद्दल काहीच विचारलं नाही, त्यांच्या शाळेबद्दल विचारलं. नववीत शाळा का सुटली? वाचताना काय व्हायचं? आधी हे हसून टाळत होते, मग सांगायला लागले. ओळी पाण्यातून बघितल्यासारख्या दिसायच्या. गुरुजी उभं करून वाचायला लावायचे म्हणून त्या तासाला ते मैदानावर जाऊन बसायचे. बसच्या पाट्यांचं कसं करता, असं मॅडमनी विचारलं. हे म्हणाले, “नंबर वाचतो की. आणि रस्ता पाठ आहे.” लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, मी हे पहिल्यांदा ऐकत होते. मॅडमनी एवढंच सांगितलं की हे पुष्कळदा घराण्यात असतं, बापाकडून मुलाकडे येतं, आणि तुमच्या वेळी कुणी तपासलं नाही. घरी येताना हे काही बोलले नाहीत. पण ‘माझं काय बिघडलं’ हे वाक्य त्यानंतर बंद झालं.

आता हॉस्पिटलकडे येते, कारण बहुतेक पालकांना प्रश्न याचेच असतात. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे लोक ज्याला एलडी म्हणतात ती, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिलेल्या २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे. महाराष्ट्रात तर अशा मुलांना परीक्षेत सवलती १९९६पासून आहेत. पण त्यासाठी खाजगी डॉक्टरचा कागद चालत नाही, प्रमाणपत्र ठरवून दिलेल्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयाचंच लागतं. मुंबईत सायन, नायर आणि केईएम अशा मोठ्या रुग्णालयांत ही तपासणी होते. आम्ही त्यातल्याच एका ठिकाणी गेलो, कुठल्या ते सांगत नाही, कारण वेटिंगबद्दल मी जे बोलणार आहे ते त्या एकाच जागेचं नसावं.

वेटिंग प्रचंड होतं. केसपेपर काढून नाव लागलं आणि तारीख मिळाली ती कितीतरी महिन्यांनंतरची. मी मॅडमपाशी कुरकुर केली, तर त्या म्हणाल्या, “बरंच झालं. तोवर तो चौदा पूर्ण करेल.” केंद्र सरकारच्या तेव्हाच्या, २०१८च्या नियमांप्रमाणे या अक्षमतेची तपासणी आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी व्हायची. चौदाच्या आधी प्रमाणपत्र घेतलं असतं तर बोर्डाच्या परीक्षेआधी सगळं पुन्हा करावं लागलं असतं. हे आम्हाला हॉस्पिटलच्या खिडकीवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्या काळात पिवळी फाईल फुगत गेली. डोळ्यांचा, कानांचा रिपोर्ट. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, त्यातली तिसरीचं हरवलं होतं ते मॅडमनी शाळेच्या कपाटातून नक्कल काढून दिलं. त्याच्या वह्यांची झेरॉक्स, आणि त्यातही मॅडमनी निवडलेली पानं: एक घाईत लिहिलेलं, एक भरपूर वेळ देऊन लिहिलेलं. वर्गशिक्षकांनी भरायची प्रश्नावली. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र. त्या पत्रात एक ओळ मॅडमनी आग्रहानं घालून घेतली: विद्यार्थ्याचं माध्यम मराठी आहे, तपासणी मराठीत व्हावी. मुख्याध्यापक म्हणाले, हे काय लिहायचं असतं? मॅडम म्हणाल्या, लिहायचं असतं. पुढे खरोखरच तिथे पहिला प्रश्न तोच आला, माध्यम कुठलं.

तपासणी एका दिवसात होत नाही. आधी बालरोगतज्ज्ञ, मग मानसशास्त्रज्ञांकडे बुद्ध्यांक चाचणी, मग विशेष शिक्षिकेकडे वाचन, शुद्धलेखन, आकलन आणि गणित. मनोविकारतज्ज्ञही बघतात, कारण पोराला नैराश्य किंवा लक्ष न लागण्याचा त्रास असेल तर चित्र वेगळं होतं. बुद्ध्यांक सरासरी आणि वाचन-लेखन दोन-तीन इयत्ता मागे, असं काही निघालं तरच ही अक्षमता. बुद्धीच कमी असेल तर ते वेगळं प्रकरण, त्याच्या सवलती वेगळ्या.

गणिताच्या तपासणीत एक गंमत झाली. विशेष शिक्षिका आकडे सांगत होत्या आणि तो लिहीत होता. ‘छत्तीस’ म्हटलं की हा ६३ लिहायचा. ‘सत्तेचाळीस’ला ७४. बाई म्हणाल्या, मराठीत आकडा बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक. ज्या मुलाला क्रम सांभाळायला जड जातं त्याची इथे फार कोंडी होते. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात त्रेसष्टला ‘साठ तीन’ म्हणायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ उठला होता, व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांचा पाऊस पडला होता. त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून मला पहिल्यांदा वाटलं की ते पुस्तक करणाऱ्या लोकांच्या डोळ्यांसमोर आमच्यासारखंही एखादं पोरगं असू शकेल.

प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा थोरला आठवीची परीक्षा देऊन बसला होता. वाचन आणि लेखन या दोन्हींत अक्षमता, अठरा पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी. मला त्या कागदाकडे बघून रडू आलं. मॅडमनी मला बाहेर बसवलं आणि त्याला आत घेतलं. दार नव्हतंच, पडद्याआडून ऐकू येत होतं.

“हे बरं होतं का?” त्यानं विचारलं.

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “वाचन सुधारतं, वेग वाढतो. पण हे जात नाही.”

“मग सर्टिफिकेट कशाला?”

“तुला जेवढं येतं तेवढं पेपरात उतरावं म्हणून.”

दुसरी कुणी असती तर तिनं मोठमोठ्या शास्त्रज्ञांची नावं घेतली असती, त्यांनाही असंच होतं म्हणून सांगितलं असतं. मॅडमनी तसलं काही केलं नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्या वयाच्या मुलाला खोटा धीर लगेच ओळखू येतो.

प्रमाणपत्र आलं म्हणजे काम संपलं असं मला वाटलं होतं. मॅडमच्या दृष्टीनं ते तिथून सुरू झालं. सवलतींची यादी लांब आहे: तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणितात कॅल्क्युलेटर, एखादी भाषा सोडून त्याजागी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. नातेवाइकांनी सल्ला दिला, सगळं घ्या, मिळतंय तर सोडता कशाला. मॅडमनी एकेक कलम घेऊन थोरल्यासमोरच चर्चा केली. गणित सोडायला त्यांनी ठाम नकार दिला. प्रश्न वाचून दाखवला तर याला गणित येतं, अडतं ते वाचताना. आणि दहावीत गणित सोडलं की पुढची अर्धी दारं आपल्या हातानं बंद होतात. भाषाही सोडली नाही. शेवटी जादा वेळ, लेखनिक आणि शुद्धलेखनाची सूट, एवढंच घ्यायचं ठरलं. कॅल्क्युलेटर त्यानंच नको म्हटलं. म्हणाला, त्यावर पण आकडे उलटे दाबीन.

मग शिक्षक. नववीचे मराठीचे सर चांगले आहेत, पण जुन्या वळणाचे. ते म्हणाले, “याला सूट द्यायची तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?” मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी सरांनाच विनंती केली की घटक चाचणीचा हाच पेपर याच्याकडून एकदा तोंडी घ्या. लेखी पेपरात वीसपैकी सहा होते. तोंडी घेतला तर सरांनी स्वतः सतरा दिले. त्यानंतर सरांनी काही कबूल वगैरे केलं नाही. फक्त वर्गात त्याला उभं करून वाचायला लावणं बंद केलं, आणि फळ्यावर गृहपाठ लिहून झाला की तो एकदा मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. त्याचा फायदा वर्गातल्या आणखी पाच-सहा पोरांना झाला असणार.

घरी काय करायचं तेही मॅडमनी ठरवून दिलं. खाजगी विशेष शिक्षिकांची फी आम्हाला झेपणारी नव्हती, हे त्यांनी न विचारताच ओळखलं होतं. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. विज्ञानाचा धडा मी रात्री मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करायचे आणि तो सकाळी पुस्तक समोर ठेवून ऐकायचा. ओळीखाली पट्टी ठेवून. जोडाक्षरं वेगळ्या रंगानं फोडून लिहायची. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. मॅडमनी बजावलं होतं की तास-तास बसवलंत तर पोरगं पुस्तक बघून पळेल. माझ्या आवाजातला ‘उष्णता’ हा धडा आमच्या धाकटीलाही पाठ झाला.

खरी कसोटी लेखनिकाची. लेखनिक म्हणजे तो सांगेल ते लिहिणारं मूल, आणि ते त्याच्याहून खालच्या इयत्तेतलं असावं लागतं. नववीची मुलं मिळणं कठीण, कारण कुठल्याच आईबापाला आपलं पोर दुसऱ्याच्या पेपरात अडकायला नको असतं. मॅडमनी शेवटी संस्थेच्या दुसऱ्या शाळेतली एक मुलगी शोधली. तिच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलल्या, येण्याजाण्याचं आम्ही बघू म्हणून सांगितलं.

पण मूल मिळालं म्हणून भागत नाही. सांगून लिहून घेणं ही वेगळीच विद्या आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. थोरला पहिल्या सरावाला भडाभडा बोलत सुटला. ती पोरगी अर्ध्या वाक्यावर आणि हा तिसऱ्या मुद्द्यावर. मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवून शिकवलं. आधी प्रश्न क्रमांक सांगायचा. मग किती मुद्दे आहेत ते बोटांवर मोजायचं. एक वाक्य बोलायचं, तिची मान वर आली की पुढचं. ‘नवीन परिच्छेद’ असं तोंडानं सांगायचं. शेवटी तिनं लिहिलेलं तिनंच हळू वाचून दाखवायचं आणि त्यानं ऐकून दुरुस्त करायचं. आकृत्या तो स्वतः काढायचा, त्याचा हात त्यात चांगला आहे. सहामाही आणि पूर्वपरीक्षा त्यांनी मुख्याध्यापकांकडून तशाच घेऊन दिल्या, वेगळ्या खोलीत, जादा वेळासकट, म्हणजे बोर्डाच्या दिवशी काही नवं राहायला नको.

बोर्डाला पाठवायचे कागद शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे जातात. त्यात लेखनिकाची माहिती, तिच्या शाळेचं पत्र, प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. कुठला कागद कुणाच्या टेबलावर अडकलाय ते मॅडमना पाठ असायचं. लिपिकांच्या खुर्चीमागे उभं राहून त्या सही करून घ्यायच्या. मला एकदा म्हणाल्या, “लोकांना वाटतं काउन्सेलर म्हणजे गोड बोलणारी बाई. माझं निम्मं काम पाठपुराव्याचं आहे.” मी म्हणेन, निम्म्याहून जास्त.

त्यांच्या दाराशी आमचा एकटा थोरलाच नव्हता, हे सांगायला हवं. मी बाहेर वाट बघत बसायचे तेव्हा दिसायचं. नापास होईन म्हणून पोटात दुखणारी मुलगी. बाप दारू पिऊन आला की शेजारी झोपायला जाणारा मुलगा. दहावीनंतर काय करू म्हणून विचारायला आलेली टोळी. मॅडम प्रत्येक वर्गावर ऑफ तास मागून घ्यायच्या आणि राग, मैत्री, परीक्षेची भीती यावर बोलायच्या. त्या तासाला कधीच कुणाचं नाव घ्यायच्या नाहीत, पण तास झाला की पुढच्या आठवड्यात दोन-तीन मुलं पडद्याआड यायचीच. चाइल्डलाइनचा १०९८ आणि मानसिक त्रासात मदतीसाठी केंद्र सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हे नंबर त्यांनी नोटीस बोर्डावर लावलेच, शिवाय शौचालयांच्या दारांना आतून चिकटवले. नोटीस बोर्डासमोर उभं राहून असा नंबर कुणी टिपून घेत नाही, आतून कडी लावल्यावर घेतं. हे सुचायला पोरांमध्ये वावरलेलं माणूस लागतं.

सगळंच त्यांना जमलं असं नाही. आठवड्यातले दोन दिवस आणि तीन शाळा, यात किती मुलं हाताला लागणार? त्या यादीतल्या आणखी एका मुलाच्या आईवडिलांनी ‘आमचा पोरगा वेडा नाही’ म्हणून फाईल नाकारली. तो नववीत नापास झाला आणि शाळा सोडून गेला. मॅडम त्याच्या घरी दोनदा गेल्या होत्या. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवलं.

थोरल्याची परीक्षा २०२५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली. केंद्रावर त्याला तळमजल्यावरची वेगळी खोली होती, एक पर्यवेक्षक आणि ती मुलगी. विज्ञानाच्या पेपराला पर्यवेक्षकांनी जादा वेळ द्यायला आधी खळखळ केली. थोरल्यानं खिशातून मॅडमनी दिलेली मंडळाच्या पत्राची प्रत काढून पुढे ठेवली. निकाल १३ मे रोजी लागला. अडुसष्ट टक्के. त्या पोरीला आम्ही घड्याळ घेतलं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मॅडम नव्हत्या. संस्थेनं मानधनाचा करार पुढे चालवला नाही. निधी नाही, असं कारण मिळालं. जिन्याखाली पडदा काढला आहे, कॅरम बोर्ड परत आले आहेत. धाकटी त्याच शाळेत सहावीत आहे. तिचं वाचन चांगलं आहे, पण माझा प्रश्न तिच्यापुरता नाही.

२५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयानं देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा, हे त्यातलं एक. मी त्या बातमीचं कात्रण ठेवलं आणि ऑगस्टच्या पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय काढला. संस्थेचे पदाधिकारी म्हणाले, बघू. एक पालक म्हणाले, त्यापेक्षा स्पोकन इंग्लिशचा वर्ग काढा.

तोंडी बोलण्याचा उपयोग नसतो, हे मी मॅडमकडूनच शिकले होते. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला, निकालाची तारीख घातली, शाळेची पटसंख्या घातली, आणखी काही पालकांच्या सह्या घेतल्या आणि कार्यालयात दिला. लिपिक म्हणाले, ठेवून जा. मी आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलले नाही. पोच माझ्याकडे आहे. पुढची सभा दिवाळीनंतर आहे.